त्याला हात नसतात

२ सप्टेंबर, सोमवार

पोचले एकदाची! बसमध्ये शेजारच्या बाईनं तीन तास आपल्या सुनेचं गाऱ्हाणं माझ्या कानात ओतलं, तरी माझा मूड गेला नाही, म्हणजे बघा. छप्पन्नाव्या वर्षी नवी नोकरी, नवं गाव, नवं घर. माझी मलाच गंमत वाटतेय.

घर चर्चच्या पाठीमागं आहे, मधे फक्त फुलझाडांचा एक वाफा. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागचं दार, आणि स्वयंपाकघरातूनच खाली उतरणारं तळघर. काम माझ्या हातचं: चर्चची सगळी कापडं सांभाळायची. वेदीवरची पांढरी आच्छादनं, प्याला पुसायचे रुमाल, फादरांचे झगे. धुणं, खळ, इस्त्री, रफू. एकवीस वर्षं मी हॉस्पिटलच्या लाँड्रीत काढली आहेत. मला डाग शिकवायला कुणी येऊ नये.

किल्ल्या द्यायला माझ्या आधीच्या बाई आल्या होत्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, गुडघे गेलेले, पण नजर सुईत दोरा ओवणारी. तीन घरं सोडून राहतात. त्यांनी दोन गोष्टी बजावल्या. एक, प्याला पुसलेल्या रुमालांचं पहिलं पाणी मोरीत ओतायचं नाही, फुलझाडांच्या मुळाशी ओतायचं, कारण त्यात पवित्र द्राक्षारसाचा थेंब असतो. दोन, तळघरात उतरताना कठडा धरायचा. बारा पायऱ्या आहेत, दगडी आणि उभ्या. एका बाजूला भिंत, तिच्यावर चार लोखंडी पट्ट्यांवर बसवलेला लाकडी कठडा. दुसऱ्या बाजूला काहीच नाही, सरळ खाली फरशी. धुण्याचा हौद तिथंच आहे.

जाताना बाईंनी विचारलं, तुमचा कुणावर राग आहे का. मी म्हटलं, राग धरायला मला वेळ कुठं होता! मला वाटलं हसतील. हसल्या नाहीत.

४ सप्टेंबर, बुधवार

कामाला भिडले. कपाटात चौदा आच्छादनं निघाली, त्यांतल्या सहांना रफू हवा. झालर शिवताना बोटात सुई गेली आणि पांढऱ्याशुभ्र कापडावर टपकन रक्त. लगेच थंड पाण्यात धरलं. रक्ताला गरम पाणी दाखवलं की डाग जन्माचा बसतो, हे मी लाँड्रीतल्या किती पोरींना ओरडून ओरडून शिकवलंय. पाच मिनिटांत कापड कोरं.

दुपारी जेवण झालं की तळघराच्या दाराजवळच्या खुर्चीत बसते. अडीचला माझे डोळे मिटत नाहीत. आई गेली तेव्हापासून, म्हणजे गेले चौदा महिने, जगातल्या कुठल्याही खुर्चीत बसवा, अडीचला मी टक्क जागी असते.

७ सप्टेंबर, शनिवार

शनिवारी संध्याकाळी फादर पापनिवेदनाला बसतात. मी पहिल्या रांगेतली माणूस, गेलेच. जाळीआडून सांगितलं: बसमधल्या बाईबद्दल मनात वाईट आलं, दूधवाल्यावर खेकसले, परवा प्रार्थना अर्धी सोडली. आणखी काही, असं फादरांनी विचारलं. मी म्हटलं, नाही.

मला स्वच्छ वाटलं. इस्त्रीच्या कपड्यासारखं कडक.

८ सप्टेंबर, रविवार

आजचं प्रवचन मला अजिबात आवडलं नाही. जगातल्या पहिल्या दोन भावांची गोष्ट. दोघांनी देवाला अर्पण दिलं, धाकट्याचं देवानं पाहिलं आणि थोरल्याचं नाही. थोरल्याचा चेहरा उतरला. तेव्हा देव त्याला म्हणाला की पाप तुझ्या दाराशी दबा धरून बसलंय, त्याला तू हवा आहेस, पण तू त्याच्यावर ताबा ठेव. पुढं थोरल्यानं धाकट्याला शेतात नेलं, हे सगळ्यांना माहीत आहेच. फादर म्हणाले की गुन्हा शेतात घडला, पण पाप त्याच्या कितीतरी आधी, उतरलेल्या चेहऱ्यात जन्माला आलं.

थोरल्याच्या बाजूनं कुणी बोलतच नाही! तोही राबला होता ना? त्याचं अर्पण का नाही पाहिलं, हे कुणी सांगेल का मला?

आता विषय निघालाच आहे तर लिहिते. आई अकरा वर्षं अंथरुणावर होती. मी लाँड्रीतली नोकरी सोडली. तिला उचलणं, भरवणं, स्वच्छ करणं, अकरा वर्षं, एकटीनं. धाकटी बहीण लांब, संसारात. वर्षातून दोनदा यायची, हातात फुलं घेऊन. शेवटी आली ती तीन दिवसांसाठी. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवल्यावर ती म्हणाली, ताई, तू अर्धा तास पड, मी बसते आईजवळ. मी पडले. अडीचला आई गेली. धाकटीचा हात हातात घेऊन गेली. आणि पुढच्या खोलीत, दहा पावलांवर झोपलेल्या मला त्या बयेनं हाक मारली नाही.

एक हाक. एवढंच मागणं होतं माझं अकरा वर्षांच्या बदल्यात.

११ सप्टेंबर, बुधवार

मागच्या दाराबाहेरचं पायपुसणं मधोमध दबलेलं होतं. मोठं कुत्रं बसून उठावं तसा खळगा. हात लावला तर ऊबदार. आजूबाजूला कुत्रं काही दिसलं नाही. आधीच्या बाईंना विचारलं, इथं कुणी कुत्रं पाळलंय का. त्या म्हणाल्या, नाही. मग माझ्याकडं बघत राहिल्या. बघण्याची सवयच दिसतेय त्यांना.

पायपुसणं झटकून उन्हात टाकलं.

१४ सप्टेंबर, शनिवार

बाई चहाला आल्या होत्या. बोलता बोलता मी धाकटीची सगळी कथा सांगितली. सांगायला लागले की मला थांबता येत नाही, आणि खरं सांगायचं तर मला त्यात बरं वाटतं. प्रत्येक वेळी थोडी भर पडते. आज मी म्हटलं, तिनं मुद्दामच मला झोपायला पाठवलं. हे याआधी मी कधी म्हटलं नव्हतं, पण म्हटल्याबरोबर ते खरं वाटलं.

बाई दाराकडं बघत होत्या. मीही पाहिलं. पायपुसणं उंबऱ्याच्या आत आलं होतं. खळगा तसाच. भर दुपारी, स्वयंपाकघरात, आणि कापडाच्या विणी हळूहळू वर-खाली होत होत्या.

संध्याकाळी निवेदनाला गेले. दूधवाला, प्रार्थना, आळस. आणखी काही? नाही.

१७ सप्टेंबर, मंगळवार

बाईंनी मला घरी बोलावून घेतलं आणि सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. पायपुसण्यावर जे बसतं ते त्यांच्याही दाराशी नऊ वर्षं होतं. त्यांचा राग जाऊबाईवर होता. ते ओरडत नाही, चावत नाही, ढकलत नाही, दार उघडल्याशिवाय आत येत नाही. ते फक्त वाट बघतं, आणि मनात घोळवलेलं खातं. हाकललं तर जात नाही. त्यावर उपाय एकच: रोज सकाळी एका माणसासमोर, आपल्याला काय करावंसं वाटतंय ते मोठ्यानं बोलायचं. काय केलं ते नाही, काय करावंसं वाटतं ते. बाई रोज फादरांना सांगायच्या. पहिल्या दिवशी जिभेला घाम फुटला म्हणे.

मी म्हटलं, मला काही करावंसं वाटत नाही. मला फक्त वाईट वाटतं.

बाई म्हणाल्या की त्यांनाही नऊ वर्षं तसंच वाटत होतं. मला राग आला. मी काय यांच्यासारखी आहे? मी जावेवर डूख धरून बसले नाही, आईची सेवा केलीय!

२१ सप्टेंबर, शनिवार

आज फादरांनी मला चांगलंच धरलं. नेहमीची यादी वाचली आणि ते जाळीपलीकडून म्हणाले, बाई, तुम्ही दर शनिवारी मला धुतलेलेच कपडे आणून दाखवता. मग विचारलं, बहीण कशी आहे. आधीच्या बाईंनी तोंड उघडलं असणार! फादरांनी प्रायश्चित्त दिलं: बहिणीला पत्र लिहा आणि इथं बोलवा. पुढं म्हणाले की स्वतःच्या जोरावर कुणी यातून उठत नाही, जो उचलतो त्याला हाक मारावी लागते.

मी आयुष्यात कुणाला हाक मारलेली नाही. लोकच मला हाका मारतात.

२३ सप्टेंबर, सोमवार

पत्र लिहिलं. चांगलं लिहिलं. ये, चार दिवस राहा, झालं गेलं सोडून देऊ. लिहिताना डोळे भरून आले, खोटं नाही सांगत. मला वाटलं, आता ते जाईल.

पाकीट चिकटवलं तेव्हा ते माझ्या पायांशी येऊन बसलं. दिसत काहीच नाही. पण पोटऱ्यांना ऊब लागली, आणि मला ती — मला ती बरी वाटली. लिहायला नको होतं, पण लिहिलं.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

धाकटीचं उत्तर. येतेय, ९ ऑक्टोबरला, बुधवारी, दुपारच्या बसनं. लिहिलंय की पत्र वाचून ती रडली. उजवा गुडघा आता फारच दुखतो, लहानपणी झाडावरून पडली तोच, त्यामुळं जिन्यावर कठडा धरल्याशिवाय तिला एक पाऊल टाकता येत नाही. तुझ्याकडं जिना नाही ना, असं विचारलंय.

उत्तरात मी सगळं लिहिलं. बस कुठं थांबते, घर कसं शोधायचं. जिन्याचं राहून गेलं.

३० सप्टेंबर, सोमवार

आज अडीचला नवल झालं. चौदा महिन्यांत पहिल्यांदा खुर्चीत माझा डोळा लागला. पाऊण तास. जाग आली तेव्हा ॲप्रनच्या खिशात काहीतरी टोचलं. पाहिलं तर स्क्रू. जुना, लांब, गंजलेला. हत्यारांची पेटी कपाटावर असते, ती टेबलावर होती.

खाली जाऊन पाहिलं. कठड्याच्या सगळ्यात वरच्या पट्टीतला एक स्क्रू गेलेला. भोक काळंभोर. पट्ट्या चार, प्रत्येकीत दोन, म्हणजे आठांतला एक. लगेच बसवला.

हे त्याचं काम. दुसऱ्या कुणाचं असणार?

२ ऑक्टोबर, बुधवार

पुन्हा अडीच. पुन्हा झोप. खिशात तीन स्क्रू.

बसवले. स्क्रूड्रायव्हर निसटला, अंगठ्याला लागलं. ॲप्रनवर रक्त सांडलं आणि मी ते — मी, एकवीस वर्षं लाँड्रीत काढलेली धोबीण — कढत पाण्यात टाकलं. डाग बसला. आता जायचा नाही.

ते तळघराच्या दाराला टेकून बसतं. मागच्या दाराशी आता काही नाही. पायपुसणं सपाट आहे. ते घरात राहायला आलंय.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

फादर कापडं न्यायला आले. तळघराच्या दारात उभे राहिले आणि कठडा हलतोय का, असं विचारलं. सुतार पाठवतो म्हणाले. मी म्हटलं, नको, मी कालच घट्ट केलाय.

घट्ट केला नव्हता. चार स्क्रू खिशात होते. मी खिशावर हात ठेवून बोलत होते.

एवढं खोटं इतक्या सहज कधी बोलले नव्हते. फादर गेल्यावर पोटऱ्यांना ऊब लागली. शाबासकी दिल्यासारखी.

५ ऑक्टोबर, शनिवार

निवेदनाला गेले. आज सांगायचंच ठरवून गेले होते. रांगेत पाच जण. माझा नंबर आला, गुडघे टेकले, आणि तोंडातून निघालं: फादर, माझ्या घरात काहीतरी आहे आणि ते घातपात करतंय.

फादर जाळीजवळ सरकले. मग म्हणाले की जे काही दाराशी बसतं ना बाई, त्याला हात नसतात. जगाच्या सुरुवातीपासून त्याच्याकडं सगळं आहे — वेळ आहे, चिकाटी आहे, गोड बोलणं आहे — फक्त हात नाहीत. ते उसने घ्यावे लागतात. आणि कुणी दिल्याशिवाय ते मिळत नाहीत. मग त्यांनी विचारलं, तुम्हाला काय करावंसं वाटतंय?

मी म्हटलं, मला बरं वाटत नाहीये. उठून आले.

६ ऑक्टोबर, रविवार

मागच्या नोंदी खोट्या आहेत.

मी झोपले नव्हते. एकदाही नाही. अडीचला मला झोप लागत नाही, हे मी याच वहीत लिहून ठेवलंय, आणि तरी — स्वतःच्या वहीला थाप मारली. कुणासाठी? ही वही कोण वाचतं?

मला प्रत्येक स्क्रू आठवतो. पहिला घट्ट होता, त्यावर तेल सोडलं. स्क्रूड्रायव्हर फिरवताना मी मनात म्हणत होते, नुसतं बघू निघतो का. दुसऱ्या वेळी म्हणत होते, परत बसवायचाच आहे. ते माझ्या पाठीशी बसलं होतं. त्यानं काही केलं नाही. एक शब्द बोललं नाही. सगळं माझ्या या दोन हातांनी.

आता माहीत आहे मला काय करावंसं वाटतंय. शब्दांत लिहिणार नाही. लिहिलं की —

७ ऑक्टोबर, सोमवार

सगळे बसवले. आठही. ताकद लावून, मनगट सुजेपर्यंत. रडत रडत बसवले.

मग आधीच्या बाईंकडं गेले. दार त्यांनीच उघडलं. माझा चेहरा पाहून बाजूला झाल्या, खुर्ची ओढली, समोर बसल्या. वाट पाहिली. किती चांगल्या आहेत त्या. एक वाक्य होतं. माझी बहीण परवा येतेय आणि मला ती पडायला हवी आहे. एवढंच बोलायचं होतं.

मी नीळ मागितली. कापडांना घालायची नीळ. त्यांनी दिली. हातात ठेवताना त्यांनी माझी बोटं घट्ट धरली आणि सोडेनात. मीच सोडवून घेतली.

घरी नीळ आहे. दोन डबे आहेत.

८ ऑक्टोबर, मंगळवार

काढले.

कठडा पट्ट्यांवर नुसता ठेवलाय. बघून काही कळत नाही. हात ठेवला तर — भार टाकला तर —

तळघराला कुलूप लावलं. किल्ली खिळ्याला. कुलूप आहे म्हटल्यावर कोण जाणार खाली? धाकटी पाहुणी आहे. पाहुणी कशाला जाईल? काही होणार नाही. मला फक्त ते तसं असलेलं हवंय. एवढंही नको का मला?

ते आता पायांशी बसत नाही. मांडीवर बसतं. जड आहे.

९ ऑक्टोबर, बुधवार

सकाळ. वेळ आहे अजून. स्क्रू खिशात, आठ. खाली जाऊन अर्ध्या तासात —

गेले नाही. पडदे धुतले. पडद्यांना काय झालं होतं?

बारा. बस आली असेल.

एक वाजला. आली. लंगडतेय. पाठमोरी अगदी आईसारखी दिसते, मानेवरचे केस तसेच. माझ्यासाठी लोकरीच्या सपाता आणल्यात, स्वतः विणलेल्या. जेवली. भांडी मला उचलू दिली नाहीत. म्हणाली, तू बस.

मग सांगितलं. मी विचारलं नव्हतं. तिनंच, भांडी विसळता विसळता, पाठ करून. त्या दुपारी ती मला उठवायला निघाली होती. आईनं तिचा हात धरला. म्हणूनच धरला होता. आई म्हणाली, उठवू नकोस तिला, अकरा वर्षांत माझी पोर धड झोपली नाही, झोपू दे माझ्या बाळाला. ते शेवटचं बोलणं. चौदा महिने धाकटीच्या तोंडून निघेना, कारण मी तिला दारात उभी करत नव्हते.

आईचं शेवटचं बोलणं माझ्याविषयी होतं.

माझं अर्पण पाहिलं होतं तिनं.

खोटं बोलतेय, असं मांडीवरचं ते — नाही. ते काही बोलत नाही. मीच म्हणतेय. माझाच आवाज आहे.

दोन बावीस. कापडांची टोपली तिला दिसली. म्हणाली, ही मी धुते. तू जन्मभर धुतलंस, आज मी. पहिलं पाणी झाडांना ना, लक्षात आहे, तू पत्रात लिहिलं होतंस. हसली.

कुठं धुतेस, म्हणाली.

मी दार दाखवलं. बोटानं. बोट माझंच.

किल्ली विचारली. मी म्हटलं, खिळ्याला. एवढंच म्हटलं. खिळ्याला.

दोन पंचवीस. कुलूप निघालं. टोपली कमरेवर, दुसरा हात मोकळा, कठड्यासाठी. दारात थांबलीय. दिवा शोधतेय. बटण आतल्या बाजूला आहे, सापडेल. मी खुर्चीत. वही मांडीवर, त्याच्यावर. लिहितेय. का लिहितेय? लिहीत असलं की हात गुंतलेले राहतात. तोंड मिटलेलं राहतं.

एक हाक. तिनं मला मारली नाही म्हणून — आणि आता मी —

दहा पावलंही नाहीत. चार.

देवा मला उठव, माझ्यानं उठवत नाही, देवा, तू —

ऊब कमी झाली. आत्ता. हे लिहिल्याबरोबर. मांडी हलकी —

दिवा लागला. पाऊल वाजलं. एक. दुसरा पाय ओढतेय. दोन. हात भिंतीकडं —

पेन खाली ठेवायचं. एवढंच आहे. पेन खाली ठेवायचं आणि तोंड उघडायचं. हात माझे आहेत. कुणी धरलेले नाहीत. धरलेले नव्हतेच कधी. हे वाक्य संपलं की ठेवते. हे संपलं की. तीन. ठेव. ठेव बाई, ठेव ते, आत्ताच्या आत्ता ठे